एका कर्मचाऱ्याची पत्नी

लेक : पण तुम्ही नेमकं काय बोललात? शब्द न् शब्द सांगा.

बाबा : 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. या स्थानकातील एका कर्मचाऱ्याच्या पत्नीला कर्करोग झाला आहे. मदतीची पेटी चौकशी खिडकीजवळ ठेवली आहे.' मग फलाट सातची गाडी सांगितली.

लेक : लगेच?

बाबा : गाडी लागली होती.

लेक : बाबा, सव्वीस वर्षं बसताय त्या माईकवर. रोजची माणसं तुम्हाला आवाजावरून ओळखतात. 'माझ्या बायकोला' म्हणाला असतात, तर...

बाबा : साहेबांनी परवानगी दिली हेच पुष्कळ. तासाला एकदा सांगा म्हणाले. आठ वेळा सांगितलं.

लेक : आठही वेळा असंच?

बाबा : एकदा कर्मचाऱ्याच्या ऐवजी 'प्रवाशाच्या' गेलं तोंडातून. लगेच दुरुस्त केलं. ती झोपलीय?

लेक : आत्ताच डोळा लागलाय. दुपारचं औषध उलटून पडलं. संध्याकाळचं राहिलं पोटात.

बाबा : बरं. ही पेटी. मी मोजलेलं नाही, तूच मोज.

(लेक पेटी जेवणाच्या टेबलावर रिकामी करते.)

लेक : हे काय, शर्टाचं बटण?

बाबा : असू दे. अंधारात नाणं वाटलं असेल कुणाला.

लेक : कुणी विचारलं नाही, कोण कर्मचारी म्हणून?

बाबा : पेटी उचलायला गेलो तेव्हा एका बाईंनी विचारलं. हातातली पिशवी खाली ठेवली, पर्स उघडली, म्हणाल्या, 'कोण हो तो बिचारा?' म्हटलं, आहे एक. वर्कशॉपला असतो.

लेक : बाबा...

बाबा : निघून गेलं तोंडातून. शंभराची नोट टाकली त्यांनी. म्हणाल्या, 'त्याला धीर धर म्हणावं.' म्हटलं, सांगतो.

लेक : सहा हजार सातशे चाळीस.

बाबा : आणि इंजेक्शन?

लेक : अठरा हजार. गुरुवारपर्यंत भरायचेत. मामा पाच देतोय, मला दुकानातून चार उचल मिळेल. तरी दोन-सव्वादोन हजार कमीच पडतात.

बाबा : उद्या परत सांगतो.

लेक : उद्या नाव घ्या. आईचं घ्या, तुमचं घ्या. कुणीतरी ओळखीचं निघेल. त्यात लाज कसली?

बाबा : लाज नाही गं.

लेक : मग अडतं कुठे?

बाबा : शेवटच्या वेळी घेणारच होतो. बटण दाबलं. तिचं नाव अगदी जिभेवर आलं होतं.

लेक : मग?

बाबा : माईकवर मी गावांची नावं घेतो. माणसाचं नाव कधी घेतो? कुणी हरवलं, तर. नाव घेतलं की पुढचं वाक्य आपोआप येतं. 'जिथे असाल तिथून चौकशी खिडकीपाशी यावे. आपली माणसे वाट पाहत आहेत.'

(लेक मोजलेल्या नोटा पुन्हा पेटीत ठेवू लागते.)

बाबा : तेच आलं असतं. बटण सोडून दिलं मी.

लेक : उद्या मला सुट्टी आहे. मामी बसेल आईपाशी. मी येते, मी बोलते. साहेब चालवून घेतील?

बाबा : सांगेन मी त्यांना.

लेक : काय बोलायचं ते कागदावर लिहून द्या. नावासकट.

बाबा : देतो. आणि माईक चार बोटं लांब धर. जवळ घेतला की श्वास ऐकू जातो सगळ्या फलाटांवर.