घंटेतलं गवत

नाही नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही — पोरीच्या पायाला तेल लावायला आलीस ना, मग तेल लाव आणि जा. अगं पण आधी बस तरी, उभी काय? त्या चटईवर बस. आणि मी उठले नाही म्हणून राग मानू नकोस, गुडघे धरलेत माझे — पाहुणीला पाणी द्यायची रीत आमच्यातही आहे, पण आज तूच घे, त्या मडक्यात आहे. आणि ते बाई-बिई सोड, सगळं गाव मला जाजा म्हणतं, आजी, तूही तेच म्हण.

हं, काय सांगत होतीस? पिसू मातीत असते, कुत्र्याच्या पंजात शिरते, तिथं वाटाण्याएवढी फुगते आणि अंडी टाकते — ती अंडी आमच्या भुईत, भुईतून पोरीच्या पायात. ऐकलं गं, बहिरी नाही मी. कमाल आहे बाई तुम्हा जनावरांच्या डॉक्टरणींची! कामुलीहून मोटारसायकलवर बसून यायचं आणि म्हातारीला सांगायचं, तुझं कुत्रं तुझ्या नातीला खातंय. मग त्या शेजारच्या नामुकोसेकडे कुठं आहे कुत्रं? तिच्या पोरांच्या पायात कशा झाल्या? — हो, आमचं जातं तिच्या अंगणात. जातं. सगळीकडंच जातं, शिकारी कुत्रं ते, त्याला काय बकरीसारखं खुंटीला बांधून ठेवू?

माझ्या लेकाचं आहे ते, बोगेरेचं. ही मुतेसी त्याचीच पोर — आई तिची माहेरी गेली ती गेलीच, आता आम्ही दोघीच. कुत्र्याच्या गळ्यातली लाकडी घंटा बघितलीस? वाजत नाही ना? कशी वाजेल, आत गवत कोंबलंय. शिकारीला निघताना कोंबतात, जनावराला चाहूल लागू नये म्हणून — मग जनावर उठलं की गवत उपसायचं, कुत्रं धावेल तिकडं घंटा खडखडते आणि माणूस तिच्यामागं. माझा लेक दलदलीत गेला, त्या उंच लव्हाळ्यात, आणि गवत उपसायचीसुद्धा वेळ आली नाही गं. सापानं डसलं. आम्ही हाका मारत त्याच पायवाटेनं गेलो, त्याच वाटेनं परत आलो — आणि ते कुत्रं तिथंच, हाताच्या अंतरावर, त्याच्याजवळ बसलेलं असणार, मान हलवत असणार, आणि घंटा मुकी. भुंकलं का नाही म्हणतेस? मालक बसला की चुपचाप बसायचं, हे त्यानंच शिकवलं होतं त्याला. फार हुशार माझा लेक! घंटा एवढीशी जरी वाजली असती ना... एवढीशी.

तर ते गवत तसंच आहे. त्याच्या बोटांनी कोंबलेलं आहे ते. कुणाला हात लावू दिलेला नाही मी, तुलाही देणार नाही.

भटकून आलं की दिवसभर थडग्यावर पडून असतं कुत्रं — ते काय, केळीत, तो मातीचा उंचवटा दिसतोय ना — पंजांनी उकरत बसतं. तिन्हीसांजा झाल्या की घरात. गावातले म्हणतात, बोगेरे रागावलाय, खालून आपल्या माणसांचे पाय खातोय. म्हणोत. खात असेल तर खाऊ दे की! आई आहे मी त्याची, दूध पाजलंय, पायांचं काय घेऊन बसलीस — हां, मुतेसीचे पाय. ते खरं.

आणि मघापासून भुईकडं बघतेयस, कळतंय मला. माती झालीय सगळी, पाऊल रुततं. अगं, माणूस गेलेल्या घरात झाडायचं नसतं, रीत आहे आमची. — किती दिवस म्हणजे? असतात आपले थोडे दिवस. — हो, गेल्या मक्याच्या आधीच गेला तो. मग? तुझ्या का पोटात दुखतंय? इथंच ठेवला होता त्याला, तू बसलीस ना, तिथंच — नको, उठू नको, बस. पायांना त्याच्या दलदलीचा चिखल होता, तो वाळून इथंच पडला. तो मी झाडून उकिरड्यावर टाकू? त्याच्यावर शेण फिरवू? तू टाकशील?

मुतेसी कुत्र्याशिवाय झोपतच नाही, काय करणार! त्याला ताताचा वास येतो म्हणते, बापाचा, आणि दोन्ही पाय त्याच्या पोटाखाली घालून निजते. तिच्यासाठी आत घ्यावं लागतं, नाहीतर मला काय पडलंय... शाळेत पोरं नाक धरायची म्हणून शाळा सोडली. आधी टाचांवर चालायची. आता एवढी घोडी रांगते बाई घरात.

ए — ते कापड सोड! सोड म्हणते, माझ्या पायावरचं कापड ओढायला तुला... बघ. बघ आता. समाधान झालं? नाही धरले गुडघे. नखं कधीच गेली, बोटंही आता बोटं राहिली नाहीत. रडतेस कशाला, डॉक्टरीण ना तू? पोर नाही आणत कुत्र्याला आत. पोर तर केव्हाच निजलेली असते. मीच सरपटत दाराशी जाते, मीच उघडते, हाक मारते — कुत्र्याच्या नावानं नाही गं मारत. लेकाच्या नावानं मारते. आणि येतं ते. त्या नावाला येतं, शेपटी हलवत येतं, आणि मला क्षणभर वाटतं...

काय? तिचीही बोटं जातील? अशी? माझ्यासारखी? उगाच भीती नको घालूस — खरं सांगतेस? शपथ घे.

मुतेसी, आतच थांब बाळा.

बरं. कुत्र्याला औषधाचा फवारा मारून मग बाहेरच ठेवायचं, रोज? रोजच? ...तुझ्याकडं यायचं नाही ते, फाडून ठेवील तुला. थांब, मी बोलावते. तू तोंड फिरव तिकडं. फिरव म्हणते ना, माझ्याकडं बघू नकोस.

बोगेरे! ये रे. ये माझ्या राजा.

धर मान. घट्ट धर. पंजांवर मार, बोटांच्या बेचक्यातही मार. — झालं? आता ती घंटा इकडं कर. बाहेर राहणार तर कुठं आहे हे मला आतून कळायला नको? निघेना गं... किती दाबून कोंबलंय मेल्यानं... हं. आलं. बघ, नुसता भुगा हातात.

सोड त्याला. सोड.

ऐकलंस? वाजतेय. अगं बाई, वाजतेय —

नाही मुतेसी, नाही गं, दाराकडं येऊ नकोस. ताता नाही आला. कुत्रं आहे. कुत्रंच आहे ते, बाळा.

तू जा आता. भुई झाडायला उद्या ये, माझ्या हातून नाही व्हायचं ते. जा म्हणते ना. आणि जाताना दार ओढून घे.