दोनदा मोजलेला वाघ

वाघ कसे मोजतात, ठाऊक आहे? ओल्या वाळूतल्या ठशावर काच ठेवायची आणि पेनाने कडा गिरवायची. एम.एस्सी.ला असताना रामटेकपुढच्या जंगलात मी हेच काम केलंय. सोबत म्हातारे वनरक्षक श्यामकाका होते.

सकाळी नाल्यात एक ठसा गिरवला आणि पुढे गेलो. तासाभराने त्याच वाटेने परतलो, तर तिथे शेजारी अजून एक ठसा.

"दोन लिही," काका कुजबुजले.

मी भडकले. "तोच वाघ दोनदा मोजता? म्हणूनच तुमचे आकडे फुगतात!"

"हळू बोल वं पोरी. काच ठेवून पाह्य."

ठेवली. ठसा सकाळी गिरवलेल्या रेषेबाहेर बोटभर जात होता.

"बरं, दुसरा असेल. सकाळी मला दिसला नसेल."

काकांनी काठीने दाखवलं. ठशाखाली माझ्याच बुटाची नक्षी अर्धी दबली होती. म्हणजे तो आमच्या मागून आला होता.

आता मीही कुजबुजले. "मग गेला कुठे?"

"त्या झुडपात शिरला."

"आणि बाहेर?"

"बाहेर आल्याचे ठसे दिसून नाही राहिले. माह्या मागं चाल, पळू नको."

गाव आल्यावर मी वहीत आधी 'दोन' लिहिलं.