गुडघ्याची दुसरी तपासणी

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या वैद्यकीय मंडळाबाहेर बाकावर बसलेल्या उम्म रायदाचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडे लागले होते.

"अबू शाहिर, गाडीच्या धडकेच्या भरपाईच्या पहिल्या निकालानंतर गुडघा आणखी बिघडला, हे कशावरून?"

"मशिदीत आता खुर्चीवर बसून नमाज पढतो."

"खुर्ची तू पंख्याखालची जागा मिळावी म्हणून धरलीस."

"अबू मुतलक, तू माझ्या बाजूचा की विमा कंपनीच्या?"

"डॉक्टरच्या प्रश्नांची तालीम घेतोय. भरपाई वाढली नाही, तर ऑपरेशन कशाच्या जिवावर करशील?"

उम्म रायदाला राहवलं नाही. "धडक देणारा मेला कुठाय हो आता?"

"हा काय, बसलाय. यानंच गाडीतून आणलं मला."

"ताई, वडीलधारी मंडळी घेऊन मी याच्याकडे माफी मागायला गेलो होतो. आमच्या रीतीप्रमाणे, यानं 'माफ केलं' म्हणेपर्यंत याच्या घरच्या कॉफीच्या पेल्याला शिवलो नाही."

"आणि तेव्हापासून रोज येऊन पितोय."

"ऑपरेशन झालं की हा आपल्या पायांनी हिंडेल. मग मला कोण विचारतो?"

आतून अबू शाहिरच्या नावाचा पुकारा झाला. दोघं उठून उघड्या दाराकडे निघाले.

"अबू मुतलक, माझा दंड जरा घट्ट धर. डॉक्टर बघतोय."

"मी रोज एवढाच घट्ट धरतो."