हिरवे ठिपके

दवाखान्यात माझ्यापुढच्या बाकावर दोन जावा नंबरची वाट बघत होत्या.

"भाऊजींचा फोन अजून चालू ठेवलात, जाऊबाई?"

"त्यात बुद्धिबळाचं ॲप आहे ना. पटाखाली गप्पांचा कट्टा. चार-पाच म्हातारे सकाळी जमायचे तिथे. नावापुढे हिरवा ठिपका दिसला की समजायचं, गडी शाबूत आहे."

"मग?"

"हे गेले, तरी मी रोज उघडते. ठिपका विझला तर बाकीच्यांच्या जिवाला घोर."

"आणि गप्पा?"

"हल्ली कुणीच बोलत नाही. नुसते ठिपके."

"सांगून टाका की एकदाचं."

"काल लिहिलं, हे गेले, मी बायको बोलतेय."

"मग?"

"एकाचं उत्तर आलं. 'मी सून बोलतेय. मामंजी उन्हाळ्यातच गेले.'"

"अगं बाई! आणि बाकीचे?"

"हिरवे आहेत. विचारायचा धीर होत नाही."