देवघराची आतली कडी

रिजवान — काका, एक विचारू काय? देवघराच्या दाराले कडी बाहेरून असते, उंदीर घुसू नये म्हणून. तुमची आतून काहून?

नीळकंठ — तू दार तासायला आलास की चौकशीला?

रिजवान — तासतो नं. फुगलं तं तासाच लागन. पन पितळेची कडी, एकदम मजबूत. मले वाटलं देव पळून जाते काय.

कुंदा — विचार बाप्पा, विचार. अकरा वर्षं मी विचारून राह्यली. हे म्हणते, एकाग्रता होते.

रिजवान — आन् काकू, दार उचललं तं चौरंगाच्या मागून हा गठ्ठा घसरला. पेपरचे तुकडे हायेत. फेकू की पूजेचे हायेत?

नीळकंठ — ठेव तिथंच. हात लावू नकोस.

कुंदा — आण इकडं. हे तं शब्दकोडे आहे! सारे भरलेले. अन् हे पेन्सिलीचे तुकडे? खोडरबर?

रिजवान — मी दार घेऊन अंगणात जातो. या अल्ला, मी कायले बोललो.

*(अंगणात रंध्याचा आवाज सुरू होतो.)*

कुंदा — बोला.

नीळकंठ — काय बोलू?

कुंदा — रोज पाऊण तास. आतून कडी. अन् ते घंटी वाजे ते?

नीळकंठ — अडलेला शब्द सुटला की वाजवायचो. तुला वाटावं, चालू आहे.

कुंदा — एखाद्या दिवशी चारदा वाजे!

नीळकंठ — सोपं असायचं त्या दिवशी.

कुंदा — अन् मी बाहेर टीव्ही बारीक करून बसे. चंदाबाईले म्हणे, भांडे आपटू नको, साहेब देवाजवळ आहे. साऱ्या घाटंजीत सांगून राह्यली की आमच्या घरी ध्यान चालते. लोक पाया पडले तुमच्या!

नीळकंठ — पडू नका म्हणत होतो मी.

कुंदा — त्यानं अजून मोठे झाले तुम्ही. अहो, देव नसन मानायचा तं तसं म्हणायचं होतं. मी काय जेवू घातलं नसतं?

नीळकंठ — मानत नसतो तर कडी कशाला लावली असती, कुंदा? हॉलमध्ये बसून कोडी सोडवली असती. चहा पीत.

कुंदा — मग?

नीळकंठ — जाऊ दे.

कुंदा — नाही जाऊ देत. उद्या भैरवीले यवतमाळले भरती करून राह्यले. पोरगी फोनवर रडत होती. डॉक्टर म्हणते, बाळ आडवं आहे. तिनं काय सांगितलं, आयकलं नं? "बाबांना देवाजवळ बसायला सांग." मी हो म्हटलं. आता काय कळवू तिले? आडवं सात, उभं नऊ?

नीळकंठ — मला मागता येत नाही त्याच्याकडे.

कुंदा — काहून नाही येत? तोंड आहे नं?

नीळकंठ — भीती वाटते. मागच्या वेळी मागितलं ते दिलं त्यानं.

कुंदा — काय दिलं?

नीळकंठ — आई.

कुंदा — आत्याबाईचं काय?

नीळकंठ — चार वर्षं अंथरुणात. तू कूस बदलायचीस तिची, पावडर लावायचीस, शिव्या खायचीस. मी ऑफिसातून येऊन दारात उभा राहायचो. वासानं आत यायचो नाही. एका सकाळी पूजा करताना म्हटलं, ने बाबा आता एकदाची. तिच्यासाठी नाही म्हटलं, माझ्यासाठी म्हटलं. तिसऱ्या दिवशी गेली.

कुंदा — अन् मले नाही सांगितलं.

नीळकंठ — तू पायाशी बसून रडत होतीस. काय सांगणार? तेव्हापासून त्याच्यासमोर मान वर होत नाही. पूजा बंद केली तर तू विचारशील. म्हणून कडी. त्याआधी उमरखेडहून बदलीसाठी नऊ वर्षं मागणं केलं, फाईल हलली नाही. आईचं मात्र तीन दिवसांत मंजूर.

कुंदा — लय मोठे साहेब समजता स्वतःले! तुमच्या एका सांगण्यावर माणूस उचलते तो? घरात साधा गॅसवाला तुमचं आयकत नाही.

नीळकंठ — थट्टा करू नकोस.

कुंदा — मग काय करू? पंच्याऐंशी वर्षांची बाई, दोन्ही फुप्फुसं भरलेली. डॉक्टरनं आठवडा दिला होता. ते तुम्हालेही माहीत होतं.

नीळकंठ — माहीत होतं. तरी मी म्हटलं ना.

कुंदा — म्हटलं. मीही लय म्हटलं आहे. भाजी जळली की म्हणते, तुझ्या पायी जळली. लाईट गेली की म्हणते, झोपला काय रे. आत्याबाईच्या वेळी तं अशा शिव्या दिल्या की तुम्ही कानात बोटं घातली असती. पन तोंडावर दिल्या. तुम्ही अकरा वर्षं त्याच्या पुढ्यात बसून त्याले पाठ दाखवली. तो बाळकृष्ण लाडू धरून रांगून राह्यला. हात अवघडला असन लेकराचा.

नीळकंठ — आता दारही नाही.

कुंदा — नाही. बसा.

नीळकंठ — रिजवान आहे अंगणात.

कुंदा — असू द्या. त्याचं काय, तोही पाच वेळा बोलते त्याच्या देवाशी, रस्त्याच्या कडेले गमछा टाकून. लाजत नाही. बसा म्हणते नं.

नीळकंठ — कोणता मंत्र म्हणू?

कुंदा — मंत्र काय करता? अडकलं तं शब्द भरसान पुन्हा. साधं बोला. तहसीलदारापुढे बोलता तसं नको, माझ्याशी भांडता तसं.

नीळकंठ — हं. बाळकृष्णा… मी नीळकंठ.

कुंदा — ओळखते तो.

नीळकंठ — मधे बोलू नकोस.

कुंदा — बरं.

नीळकंठ — मी म्हटलं होतं, तिला ने. तू ऐकलंस की ती तिच्या वेळेनं गेली, ते मला माहीत नाही. तू ऐकलं असशील तर… ऐकायला नको होतं. माझं एवढं कुणीच ऐकत नाही. मला राग आहे तुझा. आणि माझाही.

कुंदा — अहो, भैरवीचं म्हणा. उद्या आठ वाजता नेऊन राह्यले तिले.

नीळकंठ — म्हणतो. थांब जरा. आईचं अजून संपलं नाही.