लेकीचा डबा आणि मालुबाईची वाटी

न्हाय, म्हणजे मला सांगा, सकाळी सकाळी माणसानं माणसाला काय इचारावं? चा झाला काय, गुडघा कसा हाय, पाऊस काय म्हणतोय... व्हय का न्हाय? मला आमच्या येळ्ळुरात काय इचारत्यात? "मारुतीराव, करंट येतोय का जातोय?" दूधवाला इचारतोय, देवळातला गुरव इचारतोय, परवा एका मयताला गेलतो, तिथं तिरडी बांधता बांधता एकजण कानाला लागला, म्हणतोय कसा, आप्पा, राग मानू नका, पण येतोय का जातोय? अरं, मी काय त्या करंटाचा मामा हाय? आला तर मला सांगून येतोय आन् गेला तर माझ्या पाया पडून जातोय?

तुमाला वाटंल म्हातारं उगंच तापलंय. उगंच न्हाय, तुमाला सांगतो, ह्याच्या मुळाशी माझी लेक हाय. रचना. इलेक्ट्रिकलची इंजिनेर, उद्यमबागेत एका कंपनीत नोकरी. आन् तिथं ती करती काय, तर दोन्हीकडनं चालणारे कन्व्हर्टर. आता आपुन आयुष्यभर बघितलं काय, तर करंट खांबावरनं घरात येतो, बस्स. तो परत जातो हे कुणी ऐकलंय? पर ही बया एक दिस भिंतीवर लावायचा हा एवढा डबा घेऊन आली, माळवदावर सोलरच्या फळ्या, कोपऱ्यात बॅटरी, आन् मधी हा डबा. मला म्हणती, आप्पा, उनाचा करंट हा घरात घेतो, उरला की बॅटरीत भरतो, बॅटरी भरली की खांबावर परत धाडतो, आन् आपल्याला कमी पडला की खांबावरनं परत आणतो. पयलं जायला एक डबा आन् यायला एक डबा लागायचा, आता एकातच दोन्ही. शंभर घातले की सत्त्याण्णव पोचत्यात, म्हणती. मी म्हटलं, आन् ऱ्हायलेले तीन? म्हणती, त्याची ऊब होती. खरंच होती हो! आमचं मांजर त्या दिवसापासनं चुलीपुढनं उठलं ते डब्यावर जाऊन निजलं. तीन टक्के मांजराला, बाकीचा हिशोब सरकारला.

डब्यावरची अक्षरं इंग्लिश, वीजबोर्डाचा कागद कानडी, आन् दोन्ही घेऊन बसलेला मी मराठी. मग गल्लीतली माणसं ओसरीवर येऊन डब्याच्या दिव्याकडं बघत बसायची. हिरवा लागला की, आला आला. पिवळा लागला की, गेला गेला. येतोय का जातोय, येतोय का जातोय... टीव्ही सोडून डबा बघायची माणसं!

पर आमच्या गुणाबाईला, म्हणजे घरच्या मंडळींना, हे एका मिंटात कळलं. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? वाटी रिकामी परत द्यायची न्हाय, एवढंच की." झालं! शेजारणीनं भाजी धाडली तर तिच्या वाटीत आपुन चार शेंगदाणं तरी घालून धाडतो, तसा हा डबा. बोर्डाकडनं घेतलं, बोर्डाला दिलं. रचना म्हणाली, आये, माझ्या सायबाला दोन तास लागले हुते हे सांगायला. गुणाबाईची मान अशी ताठ झाली, आन् तिथंच आमचा घात झाला. कसा ते सांगतो.

आमच्या खिडकीला खिडकी लागून मालुबाईचं घर. एकटी बाई, जिभंवर साखर आन् हाताला चव. तिनं एक दिस वाटीभर खरवस धाडला. नेमकं आमच्या घरात त्या दिवशी काय नव्हतं, आन् गल्लीत करंट बी नव्हता. आमच्याकडं डब्याच्या करंटावर पंखा फिरतोय, मालुबाई उकाड्यात बसलीय. गुणाबाई म्हणाली, वाटीत घालायला काय न्हाय, करंट तरी देऊया की तिला! आता नवऱ्यानं अशा टायमाला काय करावं? न्हाय म्हणावं. मी काय केलं? तीस वर्सं फिटर म्हणून नोकरी केलेला माणूस मी, अंगात किडा! एक लांब वायर घेतली, दोन्ही टोकांना पिना बसवल्या, वरनं काळी टेप गुंडाळली. एक टोक आमच्या सॉकेटात, दुसरं खिडकीतनं मालुबाईच्या सॉकेटात. लख्ख! म्हटलं, आक्का, एक ध्यानात ठेव, आधी तुझा मेन स्विच खाली पाडायचा, मगच पिन घालायची, मेन वर असला तर हा करंट तुझ्या घरातनं खांबावर चढंल. ती म्हणाली, पाडते की. आन् दोन म्हैने पाडला बी बिचारीनं. लेकीला कळवलं काय? न्हाय. तेवढ्यासाठी काय कळवायचं, म्हटलं.

आता बघा. गेल्या म्हैन्यात, बेस्तरवारी, आठ दिवसानं नळाला पाणी आलं आन् तवाच करंट गेला. कोपऱ्यावरच्या खांबाला वायर तुटलेली. पाणी तासभर असतंय, मोटर लावल्याबिगार टाकीत चढत न्हाय, सगळी गल्ली कळशा घेऊन रस्त्यावर. लाईनमन यल्लाप्पा फटफटीवर आला. शिडी लावली, वर बघितलं, मग आमच्या घराकडं बघितलं. आमच्या घरात गुणाबाईनं टीव्ही मोठ्यानं लावलेला. यल्लाप्पानं शिडी काढली आन् खाली ठेवली.

म्हणतोय, बेडा, नगं, आपुन चढत न्हाय. ह्यांच्या घरातनं करंट उलटा येतोय.

आता काय सांगू? सगळी गल्ली माझ्याकडं वळली. मारुतीराव, येतोय का जातोय, सांगून टाका एकदाचं, पाणी चाललंय! मी रचनाला फोन लावला. ती म्हणाली, आप्पा, लाईन गेली की डब्याला कळतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत तो बाहेरचा रस्ता बंद करतो, घरातल्या घरात चालू ऱ्हातो. मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, "आप्पा, तो डबा मी केलाय."

यल्लाप्पाला सगळं सांगितलं. तो काय वाईट माणूस न्हाय हो. तारंवर साखळी टाकून अर्थिंग केलं, टेस्टर लावला, टेस्टर म्हणतोय करंट न्हाय. तरी चढंना. मी म्हटलं, अरं टेस्टर खोटं बोलतोय काय? तवा तो हळूच म्हणाला, "आप्पा, टेस्टरला बायकापोरं नसत्यात. तुमाला हायत. तुम्ही खांबाला हात लावून हुबं ऱ्हावा, मग मी चढतो." आन् मग सांगितलं त्यानं, त्याचा जोडीदार शामू, दुसऱ्या एका गावात असाच खांबावर चढलेला, खाली एकाच्या लग्नघरात जनरेटर उलटा जोडलेला. शामू वाचला. पर त्याच्या उजव्या हाताची मूठ अजून मिटत न्हाय, जेवतोय डाव्या हातानं.

यल्लाप्पानं शेवटचं इचारलं, तुमच्या घरातनं आनी कुठं वायर गेलीया काय? मी छाती काढून म्हटलं, न्हाय. आन् खांबाला हात लावला. खोटं कशाला बोलू, भ्यालो होतो. पर लेकीनं केलेला डबा हाय, म्हटलं, बापानं हात न्हाय लावायचा तर कुणी लावायचा?

यल्लाप्पा चढाय लागला. एक पायरी... दोन... चार... आन् मला घर्रर्र असा आवाज ऐकू आला. मिक्सर. म्हटलं, चटणीचा वास कुणाकडनं येतोय? सगळ्या गल्लीत करंट न्हाय आन् मिक्सर कुणाचा फिरतोय? तेवढ्यात मालुबाई खिडकीतनं डोकं काढून, हाताला चटणी लागलेली, माझ्याकडं बघून म्हणती कशी, "आप्पा, पाणी चाललंय, मेन वर करून बघू काय, लाईन आली काय?"

ती वायर! दोन्हीकडं पिना! मीच केलेली! लेकीचा डबा बिचारा पुढच्या दारानं रस्ता बंद करून बसलाय, आन् मी मागच्या खिडकीतनं मोकळा करून ठेवलाय! मी वरडलो, आक्का, हात लावू नगंस! यल्लाप्पा, उतर खाली! आन् ह्या गुडघ्यानं पळालो हो, खिडकीतनं वायर अशी हिसकली की मालुबाईचा मिक्सर बंद आन् गुणाबाईची खिडकीतली कुंडी खाली.

यल्लाप्पा उतरला. कट्ट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्याला. ती वायर हातात घेऊन दोन्ही पिना बघितल्या, लई येळ बघितल्या. सगळी गल्ली बघतीय. मी म्हटलं, माझी चूक हाय, मी केली, मीच इसरलो. लई लाज वाटली हो, फिटर म्हणवणाऱ्या माणसाला. त्यानं शिवी बी दिली न्हाय. दिली असती तर बरं झालं असतं. वायर गुंडाळून आपल्या पिशवीत घातली आन् म्हणाला, "आता काढली न्हवं? लावा हात." आन् चढला.

करंट आला तवा नळाला पंधरा मिंटं पाणी ऱ्हायलेलं. निम्म्या टाक्या भरल्या, निम्म्या बायकांनी माझ्या नावानं कळशा आपटल्या.

संध्याकाळी रचना आली. मला वाटलं बोलंल. ती डब्यापुढं पाट घेऊन बसली, मांजराला उचलून मांडीवर घेतलं, म्हणाली, आप्पा, ह्याच्या सत्तर टेस्टा घेतल्या मी. उन्हाची घेतली, विजंची घेतली, लाईन गेल्याची घेतली. मालुकाकूच्या खरवसाची तेवढी ऱ्हायली. गुणाबाई फणकारली, मग काय रिकामी वाटी द्यायची होती व्हय? लेक हसाय लागली, आन् मी मांजराच्या जागी त्या डब्यावर जाऊन लपावं का काय, असं झालं मला.

वाटी गेली परत, शेंगदाणं घालून. मालुबाई आता करंट न्हाय तवा आमच्याच पंख्याखाली येऊन बसती, चटणी बी आमच्याच मिक्सरात वाटती. डबा झकास चाललाय, लेकीला कंपनीनं शाबासकी दिली, मांजर अंगानं सुटलंय. फकस्त यल्लाप्पाला आता सवय लागलीय. आमच्या गल्लीतच न्हाय, पलीकडच्या गल्लीत वायर तुटली तरी त्याचा फोन येतोय, आप्पा, या, हात लावा. तिथं डबा न्हाय रं, म्हटलं, तिथं मी कशाला? म्हणतोय, असू दे, तुम्ही असला की बरं वाटतं. जातो मी.

तवा परत कुणी इचारू नका, येतोय का जातोय. बाकीच्या गावात करंट गेला की माणसं मेणबत्ती हुडकत्यात. आमच्या गावात मला हुडकत्यात.