ही बाजू वर असावी

नाही नाही, बसा ना, फक्त त्या खुर्चीवर नको, तिच्यावर कप वाळताहेत – म्हणजे वाळून झालेत, पण सूनबाईनं हात लावू नका म्हटलंय, तेव्हा त्या खुर्चीवर सध्या कपांचाच हक्क. इकडे बसा. आणि त्या खोक्यावरचा कागद लगेच काढू नका हो, काय घाई आहे? ती भट्टीवर गेलीये, येईलच इतक्यात. जाताना म्हणाली, "बाबा, खोकेवाले नमुना घेऊन येतील, तुम्ही बघा आणि हो किंवा नाही सांगून टाका." हो किंवा नाही! जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला कोणी असं कोंडीत पकडतं का? मी म्हटलं, "अगं, विचार करून सांगतो म्हटलं तर?" तर म्हणते, "त्यालाच नाही म्हणतात, बाबा." वर आणखी म्हणाली, "आणि हे तुम्हीच सांगायचं, मी नाही." आता धंदा तिचा, कप तिचे, हात तिचे मातीचे, आणि खोका निवडायचा मी? माझं मन राखते, दुसरं काय. मोठ्या मनाची आहे पोर.

बरं, खाकी आहे ना? पांढरा नको, पांढरा मळतो – अर्थात खाकीही मळतो, फक्त सांगत नाही. मॅट की चकचकीत? मॅट. बरं. पण चकचकीत वाईट असतो असं काही तुमचं म्हणणं नाही ना? कारण मग मी चकचकीतबद्दलही थोडा विचार करेन म्हणतो. नको? ठरलंय? तिनं ठरवलंय. छान. आणि पाच पदरी पुठ्ठा – आत कप्पे? प्रत्येक कपाला वेगळा कप्पा? म्हणजे कप आत सोडला की झालं? रद्दीत गुंडाळायला नको? आणि झाकण आपोआप अडकतं, चिकटपट्टीही नको... वा. फारच सोयीचं. मग त्या खोक्याला माणूस लागतो कशाला? – नाही नाही, सहज विचारलं.

त्याचं काय आहे, आत्तापर्यंत हे सगळं मी करत होतो. हे जेवणाचं टेबल दिसतंय ना, दुपारी ते माझं असतं. या बाजूला सूनबाई कपांचे कान तपासते, त्या बाजूला मी रद्दी घेऊन बसतो. हळू होतं माझं, कबूल आहे. कारण रद्दीतली बातमी अर्धवट वाचून कप गुंडाळायचा म्हणजे जिवावर येतं. ती ओरडते, "बाबा, तो कप आहे, ग्रंथालय नाही!" मी म्हणतो, "अगं, या पुलाचं पुढं काय झालं ते कळू तरी दे." मग ती हसते, मी हसतो, कप गुंडाळायचा राहतोच. तर असं आमचं चालतं. आणि खोक्यावरचा मजकूर लिहायचं कामही माझ्याकडे, अक्षर बरं आहे म्हणून. बरं आहे असं लोक म्हणतात. मला स्वतःला 'र' कधीच जमला नाही.

हसणार नसाल तर सांगतो. अगदी पहिला खोका – मी कप भरले, चिकटपट्टी लावली, खोका फिरवून फिरवून चारी बाजूंनी लावली, आणि मग बाण काढायला पेन घेतलं तर आठवेना, वर कुठली बाजू! हलवून बघावं तर कप फुटायचे, उघडावं तर सूनबाई बघायची. आता खोटं लिहिणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून आपलं प्रामाणिकपणे लिहिलं – 'ही बाजू वर असावी असे वाटते.' हसलात! म्हटलं होतं ना हसू नका? पण वाक्याकडे जरा नीट बघा. नुसतं 'असावी' लिहिलं असतं तरी घोटाळाच होता. 'असावी' म्हणजे असायला हवी, आणि 'असावी' म्हणजे बहुधा आहे. 'तो घरी असावा' म्हणतो तेव्हा आपण काय त्याला दटावतो का? अंदाज करतो. म्हणजे कुरिअरवाल्यानं आज्ञा समजायची की अनुमान? तो संशय राहू नये म्हणून मी पुढे 'असे वाटते' जोडलं. आता संशयच संशय. पण स्वच्छ संशय!

कप पोचले हो, एकही तडा नाही. आणि मग ती सवयच लागली, प्रत्येक खोक्यावर तेच लिहायचं. कुरिअरच्या हपिसात मला 'वाटतेसाहेब' म्हणतात. पोरं खोका दोन्ही हातांनी उचलतात म्हणे, का तर एवढं घाबरून लिहिलंय म्हणजे आत नक्की फुटण्यासारखं काहीतरी आहे. गिऱ्हाईकं खोक्यांचे फोटो पाठवतात. कपांचे नाही, खोक्यांचे! सूनबाईला वाईट वाटत असेल, नाही? म्हणूनच तर हे नवे खोके. लोगो, कप्पे, सगळं रीतसर. बरोबरच आहे तिचं. धंदा वाढला, आता असली चेष्टा किती दिवस चालवून घेणार? परवा म्हणालीसुद्धा, "नवे खोके आले की तुम्हाला जरा विश्रांती, बाबा." विश्रांती. ज्याला घरात विश्रांती घ्या म्हणतात ना, त्याच्या खुर्चीवर हळूहळू काहीतरी वाळत घालायला लागतात. ही तुमच्या शेजारची खुर्ची – हो, ती माझीच.

हे तिला सांगू नका. काहीतरीच बोलून गेलो. काढा, काढा त्या खोक्यावरचा कागद. मी हो म्हणणार आहे, तिचं नुकसान थोडंच करणार? फक्त जरा रेंगाळत होतो.

...

हे कोणी लिहिलं? हे... हा 'र' तर – हा माझा 'र' आहे! 'ही बाजू वर असावी असे वाटते.' छापलंय? लोगोच्या जागी? लोगो हाच? म्हणजे तिनं जुन्या खोक्यावरून उचलून तुमच्याकडे – अरेच्चा, म्हणून 'तुम्हीच सांगायचं' म्हणाली! अक्षर माझं, म्हणून होकार माझा. आणि मी इथे मॅट आणि चकचकीत घेऊन बसलोय.

पण थांबा. थांबा हं. अक्षर छापून झालं म्हणजे मग अक्षरवाला आणखीच नको, नाही का? हा तर जाताना निरोपाला गळ्यात हार घालावा तसा प्रकार – काय? कुठे? हा चौकोन? हो, कोराच आहे. शाई लागली नसेल. मुद्दाम? बाण मुद्दाम छापला नाही? का बरं... 'बाण बाबा काढतील.' असं म्हणाली? याच शब्दांत? पण झाकण तर ठरलेलं आहे, वर कुठली बाजू ते शेंबड्या पोरालाही कळेल, मग बाण माझ्याकडे कशाला? तुम्हीही हेच विचारलंत? मग काय म्हणाली? ... "त्याशिवाय दुपारी माझ्याशी बोलणार कोण?"

अं? नाही, डोळ्यात मातीची धूळ जाते हो, या घरात सगळीकडे धूळ. पेन द्या तुमचं. जाड टोकाचं नाही? चालेल. फाटक वाजलं बघा, आली ती. तुम्ही निघा आता, मागच्या दारानं निघा, नाहीतर आपण काय बोललो ते विचारेल आणि तुमचा चेहरा सगळं सांगून टाकेल. हो सांगितलंय म्हणा. नाही, 'विचार करतो' नाही, हो! खोका राहू दे इथेच. असा नको, उलटा ठेवलाय तुम्ही. हां.

ही बाजू वर.